मदत हवी आहे: 'कलिना'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी,

आमच्या गाण्याच्या गटात देशोदेशींची देशभक्तिगीते असा कार्यक्रम बसवतोय. युक्रेनची तीन गाणी माझ्याकडे आली आहेत. निवेदन मराठीत, शिवाय एका गाण्याचा गाता येईल असा अनुवादही करायचाय.

राष्ट्रगीताचं निवेदन जमलंय. शब्द पाव्लो चुबिन्स्कीचे, 1862 चे. त्याच वर्षी झारशाहीने त्याला दूर उत्तरेला अर्खांगेल्स्क प्रांतात हद्दपार केलं. चाल मात्र सीमेपलीकडच्या, ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियामधल्या मिखायलो वर्बित्स्की या धर्मगुरूची. दोन साम्राज्यांत विभागलेल्या लोकांचं गाणं असं जुळलं, हे मला फार आवडलं! मिकोला लिसेन्कोने चाल दिलेली प्रार्थनाही सोपी गेली.

अडलंय ते 'लाल कलिना'पाशी. स्तेपान चार्नेत्स्कीने 1914 साली जुन्या लोकगीतावरून घडवलेलं हे गाणं 2022 मध्ये पुन्हा जगभर गाजलं. कुरणात लाल कलिना वाकली आहे, आपण तिला पुन्हा उभी करू, असा साधारण भाव. कलिना म्हणजे लाल फळांच्या घोसांचं झुडूप. 'करवंद' लिहून पाहिलं, पण करवंदं पिकून काळी होतात, सगळा रंगच गेला. मूळ शब्दच ठेवू का?

दुसरं, युक्रेनी उच्चार येणारं कोणी आहे का? त्यांचा 'ग'सारखा दिसणारा 'ह' आम्हाला रोज फसवतोय. दहा मिनिटं फोनवर ऐकून चुका सांगितल्या तरी पुरे. कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे.