गोव्यातलं पूलचं घर: पावसाळ्याचा हिशेब वेगळा, उन्हाळ्याचा वेगळा

अनघा (सिंगापूर, घर शिवोली)
विषय: बंद घर, चालू पूल

नमस्कार मंडळी,

गोव्यात घर असलेल्या सभासदांसाठी प्रश्न आहे. आकडे आधीच देते.

पूल ८ मीटर × ४ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे साधारण ४५,००० लिटर. स्किमरवाला (भिंतीतल्या तोंडातून वरचं पाणी ओढणारा) आहे, काठावरून वाहणारा नाही. पंप दीड एचपी, सिंगल फेज, सोबत २४ इंची सँड फिल्टर. टायमरवर रोज ८ तास. पाणी विहिरीचं, जमीन चिऱ्याची. माणूस आठवड्यातून दोनदा येतो, क्लोरीनच्या गोळ्या तरंगत्या डब्यात टाकतो. घर बंद असतानाही महिन्याला ५०० युनिटच्या आसपास बिल येतं.

यातलं काय कापता येईल, आणि काय कापलं तर पुढे महागात पडेल? दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

---

सदानंद (फोंडा)
विषय: उत्तर: बंद घर, चालू पूल

अनघाताई, नमस्कार.

आधी ५०० युनिटची फोड करू. दीड एचपीचा पंप मीटरवर जवळपास दीड किलोवॅट ओढतो. ८ तासांचे १२ युनिट, महिन्याचे ३६०. उरले १४०. ते बंद घर खातंय: २४ तास सरासरी १९०-१९५ वॅट. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, कॅमेरे, गीझरचा चुकून चालू राहिलेला स्विच.

हे तपासायला मीटरवरचा लाल दिवा पुरतो. मीटरवर '३२०० इम्पल्स' असं काही छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. पंप बंद असताना दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायला सांगा. १० सेकंदांना एक असेल तर साधारण ११० वॅट, ६ सेकंदांना एक असेल तर १९० वॅट. मग एकेक एमसीबी पाडत जायचं आणि कुठल्या एमसीबीला वेग घटतो ते लिहून ठेवायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण राखणदाराला फोनवर सांगण्याआधी कागदावर लिहून पाठवा. कॅमेऱ्याचा आणि पंपरूममधल्या पाणी उपसायच्या पंपाचा एमसीबी चुकूनही पाडून ठेवायचा नाही.

आता पंप. २४ इंची फिल्टरमधून ताशी १४-१५ हजार लिटरपेक्षा जास्त पाणी ढकलू नये. त्याहून वेगाने गेलं तर बारीक मळ वाळूतून पार होतो आणि परत पूलमध्ये येतो. तुमचा पंप त्या मर्यादेवरच आहे. म्हणजे ४५,००० लिटर एकदा फिरायला ३ तास. ८ तासांत सगळं पाणी पावणेतीन वेळा फिरतंय, तेही कोणी पोहत नसताना. बंद घराला एक ते सव्वा फेरा पुरतो. टायमर ४ तासांवर आणा, १८० युनिट तिथेच वाचले, खर्च शून्य.

पुढची पायरी वेग बदलता येणारा पंप. वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज हिशेबाने एक अष्टमांश लागते. प्रत्यक्षात मोटरचे आणि ड्राइव्हचे नुकसान धरून पाचवा-सहावा हिस्सा, म्हणजे २५० ते ३०० वॅट. तोच एक फेरा आता ६ तासांत होईल, पण दिवसाला ४.५ युनिटऐवजी १.८ युनिट. महिन्याला १३५ विरुद्ध ५४. सगळे आकार धरून युनिटला ६ रुपये मानले तर वर्षाला सहा हजारांच्या आत बचत. त्यामुळे चालू असलेला चांगला पंप काढून नवा घेऊ नका. सध्याचा जळाला किंवा रिवाइंडिंगला आला की तेव्हा घ्या. बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टरची वाळू धुणं) मात्र पूर्ण वेगावरच करायचा, मंद वेगात वाळू उचलली जात नाही.

ज्यांचा पूल काठावरून वाहणारा आहे, त्यांनी मंद वेगाचा भरवसा धरू नये. पाणी काठावरून सारखं पडत नाही, एका कोपऱ्यातूनच वाहतं. घर बंद असताना तळाच्या गाळणीवरून फिरवायचं आणि काठ आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवायचा.

टायमरबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. साधा टायमर थेट मोटर चालू-बंद करत असेल तर सुरू होतानाच्या करंटने त्याचे पॉइंट चिकटतात आणि पंप रात्रंदिवस चालत राहतो. टायमरने फक्त काँटॅक्टर (जड करंट झेलणारा विजेवरचा स्विच) ओढावा, काँटॅक्टरने मोटर. सोबत ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा), मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला बसवलेला. टायमर बॅटरी-राखीववाला घ्या, नाहीतर प्रत्येक वीजखंडिताने घड्याळ मागे पडतं आणि दुपारचा पंप मध्यरात्री चालतो. व्होल्टेज खाली आलं की मोटर जास्त करंट घेते, आधी कपॅसिटर जातो, तसंच घुरघुरत राहिली तर वाइंडिंग. कपॅसिटर बदलायला थोडकेच पैसे लागतात, वाइंडिंगला त्याच्या कितीतरी पट.

आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा हवाच, दर महिन्याला 'टेस्ट' बटण दाबून. चिऱ्याच्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. त्या दोन महिन्यांत खड्ड्यात पाणी ओतायचं. पाण्याखाली जुने ३०० वॅटचे हॅलोजन दिवे असतील तर १२ व्होल्टचेच, १५-१८ वॅटचे एलईडी लावा.

सदानंद

---

वर्षा (दुबई; घर मोरजी)
विषय: उत्तर: बंद घर, चालू पूल

सदानंदकाकांचं विजेचं गणित बरोबर आहे, पण ४ तास सरसकट धरू नका. तरंगत्या डब्यातली गोळी पंप चालू असो वा नसो, विरघळतच राहते. पंप २० तास थांबला की डबा वाऱ्याने एका कोपऱ्यात जातो आणि तिथे आम्लाचं दाट पाणी साठतं. टाइल्सच्या फटींमधलं ग्राउट तिथेच आधी खाल्लं जातं. तास कमी करायचे तर डबा काढावा लागेल.

आणि तो काढायचं खरं कारण आपलं पाणी. चिऱ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी मऊ आणि आंबट असतं, पीएच बहुधा ७ च्या खाली, क्षारता (आम्ल झेलण्याची ताकद) फार कमी. गोळ्या म्हणजे टीसीसीए ९० (ट्रायक्लोरो, ९० टक्के क्लोरीनवाली), ती स्वतः आम्लधर्मी. आंबट पाण्यात आंबट औषध पडत राहिलं की पीएच घसरतो, ग्राउट पोखरतं, हीट पंप असेल तर त्यातलं तांबं झिजतं. शिवाय प्रत्येक गोळी सायन्युरिक अ‍ॅसिड सोडते. पाण्यात १० पीपीएम (दर दशलक्ष भागांत १० भाग) क्लोरीन गेलं की सोबत ६ पीपीएम सायन्युरिक साठतं. ते क्लोरीनसारखं खर्ची पडत नाही. ऑक्टोबर ते मे गोळ्यांवर काढले की ते १०० च्या वर जातं आणि क्लोरीन दिसूनही काम करत नाही. मग माणूस म्हणतो, 'औषध वाढवा.'

कोकण-गोव्याच्या मऊ पाण्याला कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्केवालं, जास्त मानवतं. त्यातला कॅल्शियम आपल्याला हवाच असतो. ४५,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला ७० ग्रॅम. रिकाम्या बादलीत आधी पूड घालायची नाही. आधी पाणी, मग पूड, ढवळून, मळ बसू देऊन वरचं पाणी ओतायचं. सूर्य मावळल्यावर. सायन्युरिक नसलेल्या पाण्यात दुपारच्या उन्हाने क्लोरीन दोन तासांत बहुतेक संपतं. म्हणून कोरड्या महिन्यांत सायन्युरिक ३० पीपीएम ठेवायचं, एवढ्या पाण्याला एकदाच १.३५ किलो.

गोळ्या आणि ही पूड एकाच डब्यात, एकाच चमच्याने, एकाच ओल्या बादलीत कधीही नको. दोन्ही एकत्र आली की पेट घेतात. माळ्याला, राखणदाराला, सगळ्यांना हे तोंडी सांगा आणि पंपरूमच्या दारावर मराठीत लिहून चिकटवा.

क्षारता ८० ते १२० पीपीएम हवी. वाढवायला खाण्याचा सोडा, १० पीपीएमला ७५० ग्रॅम. म्हणजे ४० वरून ८० वर यायला ३ किलो. एका दिवशी दीड किलो, मग दुसऱ्या दिवशी. किराणा होलसेलमध्ये मिळतो तोच सोडा, पूलच्या नावाने विकलेला महाग घ्यायची गरज नाही. पीएच ७.२ ते ७.६, मोकळं क्लोरीन १ ते ३. नवा पूल असेल तर पहिले काही महिने उलटं होतं, सिमेंटमधला चुना सुटून पीएच वर जातो. तेव्हा सोडा थांबवा.

पाणी भरल्यावर क्लोरीन घालताच तांबूस झालं तर ते विहिरीतलं लोह. लोक लगेच तुरटी टाकतात आणि काही होत नाही. तुरटीला क्षारता लागते, आपल्या पाण्यात ती नसते. आधी सोडा घालून क्षारता ८० वर न्या, मग एक ते दोन किलो तुरटी विरघळवून सगळीकडे, पंप दोन तास, मग रात्रभर बंद. सकाळी गाळ तळाशी बसलेला दिसेल. तो व्हॅक्यूमने थेट बाहेर काढायचा, मल्टिपोर्ट (फिल्टरवरचा पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) 'वेस्ट'वर ठेवून. फिल्टरमधून ओढलात तर वाळूचा गोळा होतो. मल्टिपोर्टची मूठ पंप बंद केल्यावरच फिरवायची, नाहीतर आतलं चांदणीच्या आकाराचं रबर फाटतं आणि पुढे बॅकवॉशच्या नळीतून पाणी गुपचूप वाहत राहतं.

शेवाळ दिसलं की मोरचूद टाकायची सवय अनेकांना आहे. ते थांबवा. तांब्याचे निळे-काळे डाग पांढऱ्या टाइल्सवर बसले की निघत नाहीत.

वर्षा

---

अनघा
विषय: उत्तर: बंद घर, चालू पूल

दोघांचेही मनापासून आभार. डबा काढून सायंकाळी औषध घालायचं तर पंप त्या वेळी चालू हवा. मग सौर पॅनलचं काय? आम्ही ३ किलोवॅटचा विचार करतोय, आणि पंप दुपारी चालवावा असं सगळे सांगतात. दुसरं, पावसाळ्यात पूल रिकामा करून ठेवला तर चार महिन्यांचा खर्चच वाचेल का?

---

सदानंद (फोंडा)
विषय: उत्तर: बंद घर, चालू पूल

दुसऱ्याचं उत्तर आधी: पावसाळ्यात पूल रिकामा करू नका. गोव्यात जुलै-ऑगस्टला जमिनीतलं पाणी बरंच वर येतं. भरलेल्या पूलचं वजन त्याला तोलून धरतं. रिकामा केला की बाहेरचं पाणी खालून दाबतं. फायबरचा साचा सरळ वर उचलला जातो, काँक्रीटचा तडकतो किंवा तळाच्या टाइल्स फुगून सुटतात. तळाला दाब सोडणारा व्हॉल्व्ह असला तरी तो गाळाने चिकटलेला असू शकतो. दुरुस्तीसाठी उपसायचाच असेल तर मार्च ते मेच्या सुरुवातीला, शेजारच्या विहिरीची पातळी बघून.

पॅनलबद्दल. नेट मीटर (दिलेली आणि घेतलेली वीज वजा करून मोजणारा) असेल तर पंप कधी चालतो याने एकूण युनिटांत फरक पडत नाही, म्हणून वेळ पाण्याच्या सोयीने ठरवा. अडीच तास दुपारी, दीड तास सूर्यास्तानंतर औषध घालताना. ३ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं, पण जून ते सप्टेंबर त्याहून बरंच कमी. पीएम सूर्य घर योजनेत, २०२४ पासून, ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याहून मोठं बसवलं तरी अनुदान तेवढंच. वीजबिल अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर ते नाव बदलण्यापासून सुरुवात करा. माडाची सावली दुपारी २ नंतर कुठे पडते ते डिसेंबरमध्ये पाहा, तेव्हा सूर्य दक्षिणेला असतो आणि सावली लांब पडते. किनाऱ्याजवळ साध्या लोखंडाचे अँगल रंगवून चालत नाहीत, खारी हवा जोडांतून शिरते. अ‍ॅल्युमिनियम किंवा गरम जस्तात बुडवलेले, आणि नटबोल्ट स्टेनलेसचे.

घर पाहुण्यांना भाड्याने देणार असाल तर पर्यटन खात्याकडची नोंदणी आणि वीज जोडणीचा प्रकार, दोन्ही आधी नीट करून घ्या. घरगुती दराचा वरचा हिशेब मग लागू राहत नाही.

---

वर्षा (दुबई; घर मोरजी)
विषय: उत्तर: बंद घर, चालू पूल

पावसाळ्याचा हिशेब मांडते, कारण बजेट तिथेच चुकतं.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस. ३२ चौरस मीटरच्या पूलवर ९६,००० लिटर, म्हणजे पूलमध्ये मावतं त्याच्या दुपटीहून जास्त पाणी आकाशातून पडतं आणि ओव्हरफ्लोने वाहून जातं. त्याबरोबर सोडा, सायन्युरिक, कॅल्शियम सगळं जातं. म्हणून मे महिन्यात महागडी औषधं भरून ठेवू नका. मिठाचा क्लोरिनेटर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र) असलेल्यांना हे जास्त लागतं. ३,५०० पीपीएमला १५५-१६० किलो मीठ, त्यातलं बरंचसं सप्टेंबरपर्यंत ओहोळात. बंद घराला, ज्याचा उपयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच आहे, तिथे तो बसवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जून ते सप्टेंबर: पंप ४ तास, ऊन कमी म्हणून क्लोरीन टिकतं, १ पीपीएमच्या खाली जाऊ द्यायचं नाही. सोडा दर पंधरा दिवसांनी, मोजून. पाणी साचलेलं आणि क्लोरीन नसलेलं सोडलं तर डासांची पैदास होते, त्याचा त्रास सगळ्या वाड्याला. ओव्हरफ्लोची नळी मेअखेरीस बादलीभर पाणी ओतून तपासा. पानांनी तुंबली तर पाणी पंपरूमकडे वळतं. पंपरूम जमिनीखाली असेल तर फ्लोटवाला उपसा पंप हवा, आणि तो इन्व्हर्टरवर. जोराच्या पावसात वीज जाते, नेमका तेव्हाच तो लागतो.

ऑक्टोबर ते मे: दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरा, १६० लिटर, महिन्याला जवळपास ५,०००. त्याहून जास्त भरावं लागत असेल तर गळती शोधा. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, आत पूलच्याच पातळीइतकं पाणी, दोन्हीकडे खूण, २४ तास पंप बंद ठेवून. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळतंय. मग हीच चाचणी पंप चालू ठेवून करा. चालू असताना जास्त उतरत असेल तर दोष पाइपात किंवा मल्टिपोर्टमध्ये. टँकरचे पैसे देण्याआधी हे करायचं. पाणी स्किमरच्या मध्याखाली गेलं की पंप हवा ओढतो, मेकॅनिकल सील (पंपाच्या दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं) जळतं, म्हणून एप्रिलमध्ये पातळी रोज बघणारा माणूस औषध घालणाऱ्याइतकाच गरजेचा.

बॅकवॉश 'दर रविवारी' नको. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब काचेवर मार्करने लिहा, त्याच्या वर ०.५ ते ०.७ बार गेला की करा. ३ मिनिटांत ७०० लिटर पाणी जातं, त्यात औषधही. मग अर्धा मिनिट रिन्स (वाळू पुन्हा बसवून पाणी बाहेर सोडणं).

देखभालीच्या करारात मजुरी आणि औषधं वेगळी लिहून घ्या. क्लोरीनचे डबे ५ किलोचे, उघडल्याची तारीख वर लिहिलेली. दमट हवेत पूड जोर गमावते, आणि पंपरूममध्ये ठेवली तर तिच्या वाफेने काँटॅक्टर हिरवे पडतात. दर रविवारी माणसाकडून चारच फोटो मागवा: वीज मीटर, दाबाचा काटा, चाचणीच्या नळ्या रंगांसकट, आणि स्किमरच्या तोंडाशी पाण्याची पातळी. पंपाचे युनिट आठवड्यात ४५ च्या वर गेले की त्याच दिवशी फोन करा, कारण ४ तासांचा पंप आठवड्याला ४२ च खातो. फ्रिज-इन्व्हर्टरचे युनिट त्यात मोजले जाऊ नयेत म्हणून पंपाच्या लाइनवर एक साधा उपमीटर बसवून घ्या. एमसीबी बसतात त्याच डीआयएन पट्टीवर बसतो, वायरमनला अर्ध्या तासाचं काम.