अनुभव धागा : ‘कट्यार’ रंगमंचावरून पडद्यावर आली तेव्हा

तूरवाली ताई : काल आकाशवाणीवर ‘कट्यार’मधले ‘घेई छंद मकरंद’ हे पद लागले आणि बरेच काही आठवले. नाटकाचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे आणि त्यात खाँसाहेब साकारणारे गायक वसंतराव देशपांडे आमच्या मूर्तिजापुरात जन्मलेले. त्यामुळे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘कट्यार काळजात घुसली’ आमच्या घरी आपलेच मानले जाई. २०१५ च्या दिवाळीत चित्रपट आला, तेव्हा बाबांनी यायला साफ नकार दिला होता. मी आग्रहाने त्यांना अकोल्याला नेले. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगावकर असले, तरी गळा वसंतरावांच्या नातवाचा, राहुल देशपांडे यांचा आहे, हे कळल्यावर बाबा डोळे मिटून ऐकू लागले. आपलेही अनुभव लिहावेत.

धानपट्टा : आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, धान निघाले की शेतातच मंडप पडतो आणि नाटक रात्रभर चालते. ‘वन्स मोअर’ आला की गायक तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गातो आणि ऑर्गनवालाही त्याच्या मागे धावतो. चित्रपटात पद एकदा ध्वनिमुद्रित झाले की कायमचे तेवढेच राहते. मला ही उणीव फार जाणवली.

विदर्भकन्या : ताई, माझे आजोबाही असेच अडून बसले होते. शेवटी गेले आणि घरी येऊन आजीला सगळी पदे म्हणून दाखवली.

पेटीमास्तर, यवतमाळ : भाऊ, उणीव खरी; पण मिळालेलेही पाहावे. एकच ‘घेई छंद’ कथेतले पंडितजी ठहरावाने गातात आणि त्यांचे प्रतिस्पर्धी खाँसाहेब तानांनी पेटवतात. मागच्या रांगेत बसणाऱ्याला नाटकात हा फरक केवळ कानांनी कळे. कॅमेऱ्याने मात्र गाताना चेहऱ्यावर उमटणारी ईर्ष्याही दाखवली. दिग्दर्शक सुबोध भावे यांनी नाटकाचे संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चाली राखल्या आणि नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांच्याकडून करून घेतली, हा निर्णय मला योग्य वाटतो. गायक महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो ‘अरुणि किरणी’साठी, म्हणजे नव्या गाण्यासाठी. माझ्याकडे पेटी शिकणारी मुले चित्रपटातले नवे ‘सूर निरागस हो’ ऐकून आली आणि मग त्यांनी आपणहून नाटकातले जुने ‘तेजोनिधी लोहगोल’ मागितले.

धानपट्टा : मास्तर, मुलांचे हे मला ठाऊक नव्हते, वाचून फार बरे वाटले. तरीही नाट्यपद समोर बसूनच ऐकावे, असे माझे मत आहे.

तूरवाली ताई : भाऊ, तुमच्याकडे एखाद्या मंडळीने ‘कट्यार’ बसवले तर अवश्य कळवा, बाबांना घेऊन येईन.