शब्दचर्चा : कोराल

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखच्या संगीतावरील लेखाचा अनुवाद करताना ‘कोराल’ (जर्मन प्रॉटेस्टंट चर्चमधील उपासनागीत) या शब्दासाठी मी ‘समूहगान’ योजले आहे. ते चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधील ‘कान्तुस कोरालिस’ म्हणजे चर्चमधील गायकवृंदाचे गायन यावरून आला. ते गायन लॅटिन भाषेत आणि सर्वांनी एकच चाल धरून होत असे. अशा गायनाला, म्हणजे ग्रेगोरियन गायनाला, जर्मनमध्ये आजही ‘कोराल’च म्हणतात. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने उपासनेतले गाणे जमलेल्या सगळ्या लोकांच्या तोंडी, त्यांच्याच जर्मन भाषेत दिले. त्या गीतांना पुढे हेच नाव पडले. गाणे लोकांचे झाले, पण नाव गायकवृंदाचेच राहिले, आणि मला या शब्दातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते; ‘समूहगान’ म्हटले की ती हरवते.

१५२४ सालचे ‘आउस टीफर नोट’, म्हणजे ‘घोर संकटातून’, हे बायबलमधील १३० व्या स्तोत्रावर ल्यूथरने रचलेले गीत पाहावे. आपल्या स्वरांत लिहिली तर त्याची पहिली ओळ ‘प सा प ध प ग म प’ अशी येते. ध आणि ग कोमल. ‘टीफर’चा मूळ अर्थ ‘खोल’, आणि नेमक्या त्याच शब्दावर चाल पंचमावरून एकदम षड्जापर्यंत खाली उतरते. एका अक्षराला एकच स्वर असल्यामुळे गाणे न शिकलेल्या माणसालाही ही ओळ गाता येते.

प्रश्न : मग बाखच्या चार आवाजांतल्या, म्हणजे चार गट एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात अशा, रचनांनाही कोराल का म्हणतात?

उत्तर : तो अर्थविस्तार आहे. ल्यूथरचा सहकारी संगीतकार योहान वॉल्टर याच्या १५२४ च्या गीतसंग्रहात मूळ चाल बहुतेक ठिकाणी मधल्या, टेनर आवाजात होती. १५८६ साली जर्मन धर्मोपदेशक लुकास ओसिआंडरने आपल्या संग्रहात ती सर्वांत वरच्या आवाजात आणली, ती लोकांना सहज ऐकू यावी आणि तिच्याबरोबर गाता यावे म्हणून. बाखच्या कोरालांत चाल बहुधा जुनी, इतरांची असते आणि तिच्याखालची स्वरसंगती त्याची असते. म्हणून अनुवादात ‘कोरालची चाल’ आणि ‘चार आवाजांतील कोराल’ हे वेगळे ठेवावेत.

‘स्तोत्र’ हा पर्यायही टाळावा, कारण मराठी बायबलात ‘स्तोत्रसंहिता’ हे स्वतंत्र पुस्तक आहे. मी ‘कोराल’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखात ‘मंडळीने गायचे गीत’ असा खुलासा करीन, कारण मराठी ख्रिस्ती समाजात उपासनेला जमणाऱ्यांना ‘मंडळी’च म्हणतात. मात्र ‘रा’चा काना गाळू नये, ‘कोरल’ वाचल्यावर वाचकाला पोवळे आठवेल.