दीड वर्ष दमा म्हणून पंप, आता श्वासनळीत गाठ निघाली

अबोली२२: ताईचं वय ४१, सिगारेट कधीच नाही. दीड वर्ष दम्याचा पंप चालू होता पण फरक काहीच नाही, जिना चढली की गळ्याखालून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि तोही श्वास आत घेताना. एक्स-रे दोनदा नॉर्मल. मागच्या महिन्यात थुंकीत रक्ताची रेघ दिसली तेव्हा कुठे सीटी केला, तर मुख्य श्वासनळीतच गाठ. आता ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, तपासायला तुकडा काढायचाय. इतके दिवस कुणाला कसं कळलं नाही हो? आणि तुकडा काढण्यात धोका असतो का?

मंदवारा: मी पीएफटी करते रोज, म्हणजे नळीत जोरात फुंकायला लावतात ना ती टेस्ट. श्वासनळीला जागा भरपूर असते, ती ८ मिमीच्या आसपास अरुंद होईपर्यंत चढताना पण फारसं जाणवत नाही आणि बसल्या जागी धाप लागते तेव्हा ५ मिमीच्या आसपास उरलेली असते. साध्या एक्स-रेत ही गाठ सहज निसटते. ताईचा जुना पीएफटी असेल तर आकडे राहू देत, ग्राफ बघ. दम्यात वरचा उतार खोलगट होतो, अशा श्वास आत घेताना-सोडताना न बदलणाऱ्या अडथळ्यात वरची खालची दोन्ही टोकं कापल्यासारखी सपाट, जवळजवळ चौकोनच. असा ग्राफ दिसला की मला तर धडकीच भरते.

शेवंती: माझी कार्सिनॉइड होती, म्हणजे हळू वाढणाऱ्या कॅन्सरच्या गाठीचा एक प्रकार, ४ वर्षं झाली. ह्या गाठीत रक्तवाहिन्या खूप म्हणून तुकडा काढताना रक्त येऊ शकतं, माझी बायोप्सी ओटीत पूर्ण भूल देऊन रिजिड स्कोपने, म्हणजे न वाकणाऱ्या कडक नळीच्या दुर्बिणीने केली. अरुंद नळीत नुसतं गुंगीचं औषध देणंही जोखमीचं, त्यामुळे भूलतज्ज्ञ आणि रिजिड स्कोप दोन्ही तयार आहेत ना हे आधी विचारच. ॲडेनॉइड सिस्टिक, म्हणजे श्वासनळीत होणारा कॅन्सरचा दुसरा एक प्रकार, निघाली तर ती हळू वाढते पण अस्तराखालून पसरते, स्कोपमध्ये दिसते त्याहून लांबवर असू शकते, म्हणून ऑपरेशनचं ठरवताना सीटी परत नीट बघतात. आणि ताईला बसल्या बसल्या आवाज यायला लागला तर तारखेची वाट बघू नका गं, थेट इमर्जन्सीत न्या.

अबोली२२: फाईल उपसली आत्ता. मागच्या वर्षीचा ग्राफ सापडला, दोन्हीकडून सपाट आहे. खाली "मध्यम दमा" लिहिलंय.

मंदवारा: ते पान सीटीसोबत न्या, भूलतज्ज्ञांनाही दाखव.