मदत हवी आहे : जपानी मुलांना ‘र’ आणि ‘ल’ यांतला फरक कसा शिकवावा?

नमस्कार. मी जपानमधील एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवते आणि सध्या उन्हाळी सुट्टीत, चवथीसाठी (गणेशचतुर्थीसाठी) गोव्यात फोंड्याला घरी आले आहे. जपानमध्ये २०२० पासून तिसरी-चौथीला इंग्रजीचे वर्षाला ४५ मिनिटांचे ३५ तास असतात, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक.

जपानीत ‘र’ आणि ‘ल’ हे वेगळे ध्वनी नाहीत व शब्द बहुधा स्वरान्त असतात, त्यामुळे ‘मिल्क’चे ‘मिरुकु’ होते. सुट्टीपूर्वीच्या शेवटच्या तासाला पहिल्या बाकावरील एका मुलीने माझ्या जिभेकडे निरखून पाहत तीनदा प्रयत्न केला आणि जमेना तेव्हा वही तोंडासमोर धरली. ते मला अजून सलते आहे.

गोव्यातील मराठी प्राथमिक शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की घरी कोकणी-मराठी बोलणाऱ्या मुलांना अनोळखी उच्चार शिकवताना आपण कोणते खेळ, बडबडगीते किंवा हातवारे वापरता, ते कृपया सविस्तर लिहावे. चूक तिथल्या तिथे सुधारावी, की मूल मोकळेपणाने बोलू लागेपर्यंत थांबावे? मला थांबणे योग्य वाटते, परंतु आठवड्याच्या एकाच तासात ते कसे साधावे?