घरून मतदान : ८७ वर्षांच्या वडिलांसाठी अर्ज कधी आणि कोणाकडे करावा?

पंचवटीकर
नमस्कार. माझे वडील ८७ वर्षांचे असून खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावरच आहेत. आई ८१ वर्षांची आहे. गुडघेदुखीमुळे तिला जिना उतरवत नाही, परंतु दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तिच्याकडे नाही. मुलगी नोकरीनिमित्त बंगळुरूला असते, मात्र तिचे नाव अजून नाशिक पूर्वच्या यादीतच आहे. या तिघांना टपाली मतपत्रिका मिळू शकेल का? शेजारी ८० वर्षांची अट सांगतात, कोणी ८५ म्हणतात. वडिलांना मतदानाची फार ओढ आहे, म्हणून पुढच्या निवडणुकीपूर्वीच नीट माहिती घेऊन ठेवावी असे वाटते.

निवृत्त शिक्षक, सिडको
आपल्या शेजाऱ्यांची माहिती जुनी आहे. २०१९ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हा ८० वर्षांची अट होती. मार्च २०२४ मध्ये नियम बदलून ती ८५ करण्यात आली. त्यामुळे वडील पात्र आहेत. वय मतदार यादीतील नोंदीनुसार धरले जाते, म्हणून यादीत ते बरोबर लागले आहे की नाही, हे आधी पाहावे. चूक असल्यास नमुना ८ भरून दुरुस्ती करता येते.

अर्ज नमुना १२-ड मध्ये निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. बहुतेक वेळा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) स्वतः घरी येऊन कोरा नमुना देतात आणि भरलेला परत नेतात. खरी अडचण मुदतीची आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून अवघ्या पाच दिवसांत अर्ज पोहोचावा लागतो, आणि ही मुदत मतदानाच्या तारखेपासून मोजली जात नाही, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आधीच अर्जाची मुदत संपली होती, आणि प्रचाराला रंग चढल्यावर चौकशी करणाऱ्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. म्हणून निवडणूक जाहीर होताच बीएलओंशी बोलून ठेवावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अर्ज मंजूर झाल्यावर मतदान पथक पूर्वसूचना देऊन घरी येते. सोबत पोलीस असतात व प्रक्रियेचे चित्रीकरण होते, मात्र मत कोणाला दिले हे चित्रित केले जात नाही. पहिल्या भेटीत मतदार न भेटल्यास पथक आणखी एकदा येते, त्यानंतर नाही. मतपत्रिका दिली गेली की यादीत तशी खूण होते आणि मग त्या मतदाराला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. तेव्हा विचार करूनच अर्ज करावा.

आईंचे वय ८५ पेक्षा कमी असल्याने त्यांना ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागेल. गुडघेदुखीवर ते मिळेलच असे नाही, तो निर्णय वैद्यकीय तपासणीवर अवलंबून असतो. न मिळाल्यास निवडणूक आयोगाच्या ‘सक्षम’ ॲपवरून मतदान केंद्रावर चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवता येते.

देवळाली कॅम्प
मुलीच्या बाबतीत उत्तर सरळ नकाराचे आहे. केवळ दुसऱ्या शहरात नोकरी आहे म्हणून टपाली मतदान करता येत नाही. सैन्यदलातील जवानांना सेवा मतदार म्हणून ते करता येते. आमच्या लष्करी छावणीच्या भागातील अनेक घरांना ही पद्धत परिचयाची आहे, त्यामुळे मुलांनाही तसेच मिळेल असा समज होतो. तिने एक तर मतदानाला नाशिकला यावे, नाही तर नमुना ८ भरून नाव बंगळुरूला हलवावे. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनासुद्धा नाव नोंदवल्यावर मूळ पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावरच यावे लागते.

पंचवटीकर
दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक शंका आहे. वडिलांचा हात थरथरतो. मी मदत केली तर चालेल का? आणि महापालिकेच्या निवडणुकीलाही हाच अर्ज लागतो का?

निवृत्त शिक्षक, सिडको
दृष्टी किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे स्वतः खूण करता येत नसेल तर प्रौढ सोबत्याची मदत घेता येते. पथक आल्यावर आधी त्यांना तसे सांगावे. खूण वडील सांगतील तेथेच करावी आणि त्यांचे मत गुप्त ठेवावे. मतपत्रिकेवर सही किंवा नाव लिहू नये, कारण मतदाराची ओळख पटेल अशा खुणेमुळे मत बाद होते. सही सोबतच्या घोषणापत्रावर करायची असते. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिचे नियम वेगळे आहेत. वरील सर्व माहिती लोकसभा व विधानसभेपुरती आहे, त्यामुळे महापालिकेच्या वेळी स्वतंत्र चौकशी करावी.