बोलिव्हियात मिशनवर जायचंय, स्पॅनिश किती यायला हवी?

पायवाट:
नमस्कार मंडळी, आमच्या संस्थेकडून मला तिथल्या कोचाबांबा शहरात पाठवायचं जवळपास ठरलंय. काम म्हणजे पॅरिशमधल्या (एका चर्चच्या हद्दीतल्या) मुलांची धर्मशिकवणी आणि आजारी माणसांच्या घरी भेटी. अ‍ॅपवर स्पॅनिश चालू आहे, मजल 'मुलगा सफरचंद खातो' इथवर. जपमाळ आणि प्रभूची प्रार्थना मात्र पाठ झालीय. कामापुरती भाषा यायला किती वेळ लागतो? सगळे म्हणतात तिथे राहिलं की आपोआप येते, मला ते पटत नाहीये.

डोंगरउतार:
नाहीच येत आपोआप. मी तिथे एका कॉन्व्हेंटमध्ये होते, घरात बहुतेक जणी भारतातल्या, मग जेवताना हिंदी नाहीतर इंग्रजी, आणि चॅपेलमध्ये स्पॅनिश प्रार्थना अगदी खणखणीत. लोकांना वाटतं सिस्टरला सगळं येतं, म्हणून ते भरभर बोलायला लागतात आणि आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पाठ केलेल्याचा हा तोटा आहे. बोलणं त्यामानाने लवकर जमतं, कान तयार व्हायला वेळ लागतो, आणि आजारी माणसाकडे गेल्यावर काम तर कानाचंच असतं ना.

दिवसाचं म्हणाल तर सकाळी मिस्सा, मग भेटी. दुपारचं जेवण हे तिथलं मुख्य जेवण, आधी सूप मग दुसरी प्लेट, आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर घाई करून उठू नका, खरी भाषा तिथेच मिळते. धर्मशिकवणी संध्याकाळी किंवा शनिवारी. ट्रुफीने फिरा (ठरलेल्या रूटवरची शेअर गाडी), उतरायचं असलं की मोठ्याने सांगावं लागतं, त्यामुळे गप्प बसायची सोयच नाही. भाजीला ला कांचा मार्केटमध्ये एकाच बाईकडे जात राहा, ती ओळखायला लागली की चुका सुधारून देते, फुकट ट्यूशन.

रिकामटेकडा_भाषावाला:
मिशनचं मला काही कळत नाही पण भाषेचं सांगतो, इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. 'मे गुस्ता' इंग्रजीवाल्यांना उलटं वाटतं, आपलं 'मला आवडतं' तसंच तर आहे. तू आणि तुम्हीचा फरक आपल्याला आहे, नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलायची सवय आहे. उच्चारात त आणि द आपलेच, ट-ड करू नका. सगळे ज्या सब्जंक्टिव्हला (इच्छा, 'असं व्हावं' सांगणारं क्रियापदाचं रूप) घाबरतात तो तर तुम्ही पाठ केलाय, 'वेंगा आ नोसोत्रोस तु रेइनो' म्हणजे तुझे राज्य येवो, तोच 'वेंगा' बाजारात 'तिने उद्या यावं' म्हणताना पण लागतो. म्हणजे प्रार्थना अगदीच वाया नाही जात, डोंगरउतार ताई 🙂

मधलीसुट्टी:
वेळेचं कुणी सांगितलंच नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या लोकांना साधारण ६०० ते ७५० तास वर्गात बसवून शिकवतं, ते इंग्रजीवाल्यांसाठी आणि कामकाजाच्या पातळीला. रोज अर्धा तास अ‍ॅपवर घालवून ते व्हायला किती वर्षं लागतील तुम्हीच मोजा. संस्थेला आधी भाषेचे काही महिने मागा, काम नंतर. मेरीनॉल ह्या अमेरिकन कॅथलिक संस्थेच्या मिशनऱ्यांनी १९६० च्या दशकात कोचाबांबातच भाषाशाळा काढली होती ती ह्याचसाठी. बऱ्याच संस्था पोचल्या पोचल्या कामाला जुंपतात आणि मग माणूस वर्षानुवर्षं मोडक्या भाषेवर काढतो.

पायवाट:
खूप आभार, महिने मागून बघते. पण तिथल्या स्थानिक भाषेचं, केचुआचं काय? शहरात लागते का?

डोंगरउतार:
शहरात स्पॅनिशवर भागतं. आजूबाजूच्या खेड्यांत, आणि शहरातल्या पण म्हाताऱ्या माणसांकडे, केचुआच असते. तिकडच्या २००९ च्या संविधानात स्पॅनिशबरोबर ३६ स्थानिक भाषा अधिकृत आहेत, त्यातली ही एक मोठी. आत्ता नाद करू नका, दोन्हींची खिचडी होईल. नमस्कार आणि कुठे दुखतंय एवढं केचुआत शिकून ठेवा, बाकीचं बरोबर आलेली नात सांगते स्पॅनिशमध्ये.